'नाही' या शब्दाची किंमत

संध्याकाळची वेळ. गणपत गल्लीत खरेदीची गर्दी उसळलेली. चारेक वर्षांचा एक मुलगा खेळण्यांच्या दुकानासमोर अडून बसला आहे. त्याला मोटार हवी आहे. आई म्हणते, "नाही." तो पुन्हा मागतो. "एकदा सांगितलं ना, नाही!" तो पाय आपटतो. "घरी चल, बाबांना सांगते." तो रस्त्यातच फतकल मारून गळा काढतो. चार माणसे वळून पाहू लागतात. आई ओशाळते, पर्स उघडते. मोटार हातात पडताच रडे एकदम थांबते. "काय हट्टी कार्टं आहे!" असे पुटपुटत आई पुढे निघते.

हा प्रसंग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. काहींनी तर त्या मुलाची भूमिका स्वतः वठविलीही असेल. बघणारे म्हणतात, मुलगा हट्टी आहे. माझे मत थोडे निराळे आहे. हा मुलगा उत्तम विद्यार्थी आहे. आईने उच्चारलेल्या 'नाही'चा खरा अर्थ त्याने अचूक शोधून काढला आहे. तो अर्थ असा : "तू अजून पुरेसा रडला नाहीस."

मुलांना मर्यादा कशी घालावी आणि घातलेली मर्यादा कशी पाळून घ्यावी, हा विषय महाविद्यालयाच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. विद्यार्थी वाचकांपैकी बहुतेकांचा संसार अजून दूर आहे, हे खरे. पण आईवडिलांनी घातलेल्या बंधनांचा जाच आणि त्यांचा फायदा या दोहोंची आठवण तुमच्या वयातच सर्वांत ताजी असते. शिवाय तुमच्यापैकी काही जण शिकवण्या घेतात, काही पुढे बी.एड. होऊन शिक्षक होतील आणि धाकट्या भावंडांचा अभ्यास तर अनेकांच्या गळ्यात आजच पडलेला आहे. आम्हा अध्यापकांचे तर विचारूच नका. आमचा घरी आणि वर्गात हाच धंदा. म्हणून हे चार शब्द.

हट्ट कसा वाढतो

बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली आपल्या प्रयोगांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोग होते कबुतरांवर आणि उंदरांवर. पेटीतील कळ दाबली की दाणा मिळे. दर वेळी दाणा मिळत असेल आणि तो एकाएकी बंद केला, तर प्राणी थोड्याच वेळात कळ दाबणे सोडून देई. परंतु ज्याला कधी दाणा मिळे, कधी मिळत नसे, तो प्राणी दाणा पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ कळ दाबतच राही. कारण उघड आहे. ज्याला रिकाम्या हाताची सवय आहे, त्याला आता दाणा कायमचा बंद झाला हे कळणार तरी कसे?

मूल म्हणजे कबूतर नव्हे, हे मान्य. पण आपल्या घरातील दृश्य या पेटीपेक्षा फारसे वेगळे नसते. दहापैकी सात वेळा ठाम राहणाऱ्या आईला वाटते, आपण बऱ्यापैकी कडक आहोत. प्रत्यक्षात उरलेल्या तीन वेळांनी तिने मुलाच्या हातात लॉटरीचे तिकीट दिलेले असते. ज्या घरी मागितलेले लगेच मिळते, तेथील मुलापेक्षा या घरचे मूल अधिक चिवटपणे रडते, कारण चिवटपणालाच येथे फळ मिळते.

याची दुसरी बाजू जेराल्ड पॅटरसन यांनी दाखवून दिली. अमेरिकेतील ओरेगॉन येथे अनेक कुटुंबांचा व्यवहार त्यांनी घरी जाऊन बारकाईने पाहिला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. मूल किंचाळते, आई नमते, मूल गप्प होते. मुलाला मोटार मिळाली हे आपल्याला दिसते. पण आईलाही काहीतरी मिळाले, ती म्हणजे शांतता! म्हणून पुढच्या वेळी आई आणखी लवकर नमते. आपण मुलाला शिकवितो असे आपल्याला वाटत असते आणि तेवढ्यात मूलच आपल्याला शिकवून मोकळे होते.

यावरून एक साधी गोष्ट निघते. द्यावयाचे असेल तर पहिल्या मागणीला हसतमुखाने द्यावे. द्यावयाचे नसेल तर दहाव्या मागणीलाही देऊ नये. तिसरी वाट नाही. आजवर नमत आलेली आई एके दिवशी ठाम राहू लागली, तर रडणे आधी वाढते आणि मगच ओसरते, हेही ध्यानात ठेवावे. नेहमीची किल्ली लागेनाशी झाली की आपणही ती एकदम टाकून देत नाही, आधी जोर लावून फिरवतो. अनेक पालक नेमके याच वेळी कच खातात आणि "आमच्याकडे हा उपाय चालत नाही" असे सांगतात.

तीन तऱ्हेची घरे

मुलाला पाच वर्षे लाडवावे, पुढची दहा वर्षे बडवावे आणि सोळावे लागताच मित्रासारखे वागवावे, अशा अर्थाचे एक संस्कृत सुभाषित आपल्या आजोबा मंडळींच्या तोंडी नेहमी असे. त्यांच्या पिढीने मधली दहा वर्षे फार मनावर घेतली. आजची पिढी त्यांवर चिडून पहिली पाच वर्षेच पुढे लांबवीत नेते. जणू मार आणि लाड यांवाचून तिसरे काही नाहीच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डायाना बॉमरिंड यांनी १९६० नंतरच्या दशकात बालवाडीच्या वयाची मुले आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास केला. त्यांना तीन तऱ्हा आढळल्या. पहिली हुकमी : "मी सांगतो म्हणून." येथे नियम पुष्कळ, कारण एकही नाही आणि माया असली तरी दिसू द्यावयाची नाही. दुसरी मोकळीक देणारी : येथे माया पुष्कळ, नियम नाहीत, असलेच तर पाळून घेतले जात नाहीत. तिसऱ्या तऱ्हेच्या पालकांकडे नियम थोडे, पण पक्के. नियमाचे कारण सांगितले जाते, मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाते, पटले तर नियम बदललाही जातो, पण रडून बदलत नाही. या तिसऱ्या घरची मुले स्वतःवर अधिक ताबा ठेवणारी आणि अधिक आत्मविश्वासाने वागणारी आढळली. पुढे १९८३ साली एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी यात चौथ्या तऱ्हेची भर घातली : जेथे मायाही नाही आणि नियमही नाहीत. तेथल्या मुलांची स्थिती सर्वांत वाईट.

हे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून आपल्या घराला चिकटवावेत असे मी म्हणणार नाही. अशा पाहणीत कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वेगळे काढणे कठीण असते. शांत मुलाशी कोणीही शांतपणे वागतो! तरीपण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. माया आणि मर्यादा ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. एक वाढविण्यासाठी दुसरी कमी करावी लागत नाही.

धाकाचा हिशेब

"दोन धपाटे घातले की लगेच ऐकतो," हा अनुभवाचा दाखला नेहमी दिला जातो. तो खोटा नाही. एलिझाबेथ गर्शॉफ यांनी २००२ साली शारीरिक शिक्षेवरील ८८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातही मारल्याने मूल त्या क्षणी ऐकते असेच दिसले. परंतु त्याच आढाव्यात असेही दिसले की, जेथे मार अधिक तेथे मुलांतील आक्रमकपणा अधिक आणि बरेवाईट स्वतःच्या मनाने ओळखण्याची वृत्ती कमी. म्हणजे धाकाने आजचा दिवस निभावतो आणि उद्याचा महागात पडतो.

असे का व्हावे? जोनाथन फ्रीडमन यांचा १९६५ सालचा एक प्रयोग यावर चांगला प्रकाश टाकतो. प्राथमिक शाळेतील मुलांसमोर काही खेळणी ठेवली. त्यांत बॅटरीवर चालणारा एक यंत्रमानव सर्वांत आकर्षक होता. काही मुलांना जरबेने बजावले की, त्याला हात लावलास तर मी फार रागावेन आणि मग बघ काय करतो ते. इतरांना एवढेच सांगितले की, त्याच्याशी खेळू नकोस, ते बरे नव्हे. मग मुलांना एकटे सोडले. दोन्ही गटांतील बहुतेकांनी आज्ञा पाळली. धाक आणि सौम्य शब्द दोन्ही सारखेच यशस्वी! पण काही आठवड्यांनी दुसऱ्याच व्यक्तीने त्या मुलांना त्या खेळण्यांपाशी आणले आणि हवे त्याच्याशी खेळा म्हणून सांगितले. तेव्हा धाक घातलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले यंत्रमानवाकडे वळली. सौम्यपणे सांगितलेल्यांपैकी फार तर तिसरा हिस्सा वळला.

याचा उलगडा असा करतात. धाक घातलेल्या मुलाला हात न लावण्याचे कारण बाहेरच मिळाले होते, ते म्हणजे तो रागावणारा माणूस. माणूस गेला, कारणही गेले. दुसऱ्या मुलाला तेवढे मोठे कारण बाहेर सापडले नाही. म्हणून ते त्याने आपल्या आत शोधले : "मलाच ते खेळणे तेवढेसे नको." आत सापडलेले कारण त्याच्याबरोबरच राहिले.

याच्याही आधी, १९३९ साली, कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळे चालवून असेच काही पाहिले होते. हुकूमशाही पद्धतीच्या नेत्याखाली काम भरपूर होई, पण नेता खोलीबाहेर जाताच ते झपाट्याने कमी होई. मुलांना विचारात घेऊन चालणारा नेता बाहेर गेला तरी काम जवळजवळ तसेच चालू राही. आपण वर्गाबाहेर गेल्यावर आतून येणारा आवाज ऐकून कोणत्याही प्राध्यापकाला आपण कोणत्या प्रकारचे नेते आहोत ते कळू शकेल!

फाटकाची गोष्ट

हे सारे मी वर्गात अनेक वर्षे शिकविले. घरी मात्र मला ते उशिरा कळले.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. शिकवणीला जाताना वाटेत रेल्वेचे फाटक लागे. फाटक पडले की हा पठ्ठ्या सायकल आडवी करून खालून पलीकडे जातो, अशी बातमी शेजारच्या अज्जींनी आणली. मी त्याला दोन थपडा मारल्या आणि पुन्हा गेलास तर पाय मोडीन म्हणालो. आठ दिवस ठीक गेले. नवव्या दिवशी त्याच अज्जींनी सांगितले, "आता आधी इकडे तिकडे बघतोय, ओळखीचं कोण आहे का, आणि मग जातोय." माझ्या दोन थपडांनी त्याला आगगाडीला भ्यायला शिकविले नव्हते. अज्जींना भ्यायला शिकविले होते.

त्या रात्री मी पुन्हा हात उगारला. तेव्हा तो रडत म्हणाला, "बाबा, तुम्हीपण स्कूटर वाकवून घालता की!"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. उशीर झाला की मी तसेच करीत असे आणि एकदोनदा तो मागे बसलेला होता. मी हात खाली घेतला. पुष्कळ वेळाने एवढेच म्हणालो, "माझं चुकलं. उद्यापासून मीही थांबेन." मग त्याला समजावून सांगितले की, चालकाने ब्रेक लावला तरी भरधाव आगगाडी जागच्या जागी थांबत नाही, कित्येकशे मीटर पुढे जाते. म्हणून आपल्याला पाहून ती थांबेल या भरवशावर राहता येत नाही. आणि दोघांसाठी एकच नियम केला : जो बंद फाटकाखालून जाईल, त्याचे वाहन दोन दिवस कुलपात.

तीन आठवड्यांनी नियम मोडला. मोडल्याचे त्यानेच सांगितले. सायकल कुलपात गेली. नेमका मृगाचा पाऊस सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी तो दप्तर डोक्यावर धरून दारात उभा राहिला तेव्हा माझी आई म्हणाली, "जाऊ दे रे, एवढा खरं बोलला ना?" पत्नीनेही माझ्याकडे पाहिले. किल्ली माझ्या खिशात होती. खरे सांगतो, थपडा मारताना मला जेवढे कष्ट पडले नव्हते तेवढे ती किल्ली खिशातच ठेवताना पडले. खरे बोलल्याबद्दल मी त्याची पाठ थोपटली, छत्री घेतली आणि त्याच्याबरोबर शिकवणीपर्यंत चालत गेलो. वाटेत फाटक पडलेले होते. आम्ही दोघे भिजत थांबलो.

मर्यादा घालताना

या अनुभवातून आणि वर सांगितलेल्या अभ्यासांतून निघणाऱ्या काही गोष्टी अशा.

पहिली, नियम थोडे असावेत. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, खोटेपणा यांसारख्या बाबतीत तडजोड नको. शर्ट कोणता घालावा, आधी गणित की आधी मराठी, हे मुलाला ठरवू द्यावे. दिवसभर 'नाही'चा जप करणाऱ्या घरात खरे 'नाही' ऐकू येत नाही.

दुसरी, नियम आणि तो मोडल्याचा परिणाम दोन्ही आधी सांगितलेले असावेत आणि परिणामाचा चुकीशी संबंध असावा. सायकलीची चूक असेल तर सायकल बंद. जेवण बंद नव्हे. परिणाम लहान असावा, पण चुकू नये. "महिनाभर मोबाईल बंद" ही गर्जना तिसऱ्या दिवशी फसते आणि आपल्या शब्दाची किंमत उतरते. "आज संध्याकाळी बंद" हे छोटे वाक्य पाळता येते. जे पाळता येणार नाही ते बोलूच नये.

तिसरी, घरात एकमत हवे. आईने नाकारलेले आजीकडे मिळते, हे मुलाला कळायला वेळ लागत नाही. आमच्या बेळगावात तर मराठीत नाकारलेला खाऊ शेजारच्या अज्जींकडे कन्नडमध्ये मागून मिळविणारी मुले मी पाहिली आहेत! मोठ्यांनी आपापसांतील वाद मुलांच्या माघारी करावेत. आजीची माया अवश्य असावी, पण तिने नियम मोडण्यापेक्षा नियम पाळताना मुलाला सोबत द्यावी.

चौथी, वय पाहावे. दीड वर्षाच्या बाळाला कारणे सांगून उपयोग नाही. कात्री उंचावर ठेवावी आणि हातात दुसरे काही द्यावे. पाच वर्षांच्या मुलाला छोटे नियम समजतात. पंधरा वर्षांच्या मुलाबरोबर नियम बसून ठरवावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला फार तर एक तास अशी सुचविली आणि त्याहून कमी बरे असे म्हटले. एक वर्षाच्या बाळाला तर पडदा नकोच. हा नियम मुलाला सांगता येणार नाही, तो मोठ्यांनीच पाळावयाचा आहे. जेवताना मोबाईल पाहणाऱ्या बापाने मुलाला जेवताना मोबाईल नको म्हणणे, म्हणजे माझ्या स्कूटरसारखेच झाले.

पाचवी गोष्ट आपल्याकडच्याच थोर माणसांनी दाखवून दिली आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, ते शिक्षा आणि बक्षीस दोन्ही दूर ठेवून. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हेच काम पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला आणले. या सर्वांनी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीपासून प्रेरणा घेतली होती. त्या पद्धतीच्या वर्गात प्रत्येक साधन एकच ठेवतात. ते दुसऱ्या मुलाच्या हाती असेल तर थांबावे लागते, आणि काम संपल्यावर जागेवर ठेवावे लागते. म्हणजे तेथे मर्यादा बाई ओरडून घालीत नाहीत, वर्गाची मांडणीच ती घालते. घरातही हे करता येते. खाऊचा डबा समोर ठेवून दिवसभर "हात लावू नको" म्हणण्यापेक्षा तो डबा फडताळात ठेवणे सोपे.

कायद्यानेही या बाबतीत पाऊल उचलले आहे. स्वीडनने १९७९ साली घरातही मुलांना मारण्यास बंदी केली; असे करणारा तो पहिला देश. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. बी.एड.ला जाणाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावे. पण छडी काढून घेतली म्हणजे शिस्त आपोआप येत नाही. छडीच्या जागी शिक्षकाला स्वतःचा शब्द ठेवावा लागतो आणि तो शब्द छडीपेक्षा टिकाऊ असावा लागतो.

शेवटी विद्यार्थी मित्रांना एक सांगावेसे वाटते. तुमच्या आईवडिलांनी घातलेल्या काही मर्यादा अन्यायाच्या असतील. त्यांविषयी त्यांच्याशी जरूर बोला. पण ज्या दिवशी ते ठाम राहिले, त्या दिवशी त्यांना सोपे गेले असेल असे मात्र समजू नका.

माझा मुलगा आता महाविद्यालयात आहे. गेल्या वर्षी एका सकाळी फाटक पडलेले असताना तो मित्रांसोबत उभा असलेला मी दुरून पाहिला. मित्र खालून वाकून पलीकडे गेले आणि त्याला हाका मारू लागले. तो थांबला. त्याने मला पाहिले नव्हते. एवढ्या एका गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, हे मानसशास्त्राचा अध्यापक म्हणून मला माहीत आहे. बाप म्हणून मात्र मी गाडी जाईपर्यंत तेथेच मागे उभा राहिलो.